गच्चीवरच्या बारा काचा

माझा धाकटा भाऊ एका संशोधन संस्थेच्या गच्चीवर काम करतो. संस्थेत नाही, संस्थेच्या गच्चीवर. हा फरक मी मुद्दाम करते, कारण संस्थाही तो करते. खालच्या तीन मजल्यांवर थंडगार खोल्या आहेत आणि त्यांत शिकलेली माणसं बसतात. वर ऊन आहे आणि उन्हात माझा भाऊ. ही संस्था सूर्यप्रकाशापासून वीज कशी करावी याचा अभ्यास करते. इतक्या वर्षांत तिथल्या विद्वानांपैकी किती जण दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गच्चीवर थांबले, असं मी त्याला एकदा विचारलं. त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाला, "एक जण थांबले होते, ताई. पण त्यांच्या मागं दार लागलं होतं म्हणून."

हे तो विनोद म्हणून बोलला नाही. त्याला विनोद करता येत नाही आणि दुसऱ्याला नावं ठेवता येत नाहीत. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे. मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि मुलं माझ्या माघारी मला 'करवत' म्हणायची. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. भावाची बायको वारल्यापासून तो माझ्याकडे राहतो, म्हणजे करवतीच्या हाताखाली त्याचीही बारा वर्षं गेली आहेत. एवढ्या काळात त्याच्यावर एक ओरखडाही उमटला नाही, कारण मी बोलत असते तेव्हा तो खिडकीतून आभाळ बघत असतो.

तारा जोडायला म्हणून त्याला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी नवं पत्र येतं, दर वर्षी खाली 'तात्पुरते' असं लिहिलेलं असतं. गच्चीवर लोखंडी चौकट आहे, तिच्यावर वीज करणाऱ्या काचा उन्हाकडे तोंड करून बसवलेल्या असतात. रोज सकाळी तो त्या मऊ फडक्याने पुसतो, मागच्या तापमानाच्या तारा तपासतो, ऊन मोजणाऱ्या यंत्राची काचेची घुमटी साफ करतो. वीज किती निघाली हे यंत्र दर दहा मिनिटांनी आपलं आपण नोंदवतं. तरी हा स्वतःची वही ठेवतो. मी म्हटलं, यंत्र असताना वही कशाला? तर म्हणाला, यंत्राला वीज कमी झालेली कळते, कावळा बसलेला कळत नाही. कामाचा स्वभाव अंगात इतका भिनलाय की घरी पाण्याचा पेलासुद्धा तो दोन बोटांनी कडेला धरून उचलतो. ठसे उमटू नयेत म्हणून. माझ्या घरात बोटांचे ठसे कोण तपासणार आहे, हे मी विचारायचं सोडून दिलंय.

दोन वर्षांपूर्वी त्या चौकटीवर नवं प्रकरण आलं, पेरोव्हस्काइट. हा शब्द पाठ करायला मला चार दिवस लागले आणि तो उच्चारताना संस्थेतली माणसं मान किंचित तिरकी करतात, असं भाऊ म्हणतो. एरवीची काच सिलिकॉनची असते. ती महाग, जड आणि ठोंब, पण पंचवीस वर्षं ऊनपाऊस खाऊन हूं की चूं करत नाही. हे नवं पडलं गडद तपकिरी रंगाचा पातळ थर. रंग फासावा तसा काचेवर फासता येतो, स्वस्तात होतो, आणि वीज भरपूर देतो. खोट एकच. त्याला ओल सोसत नाही, फार उष्णता सोसत नाही, आणि उन्हात फार वेळ राहिला तर ऊनही सोसत नाही. उन्हासाठी जन्माला आलेली वस्तू आणि तिला ऊनच चालत नाही, म्हणजे त्या संस्थेत ती अगदी शोभून दिसली.

म्हणून तो थर दोन काचांमध्ये दाबून कडा चिकटद्रव्याने बंद करतात. अशा बारा काचा, वहीच्या पानाएवढ्या, तयार झाल्या. तळमजल्यावर दिव्यांखाली त्या हजार तास तापल्या आणि उत्तीर्ण झाल्या. आता खरी परीक्षा होती. वर्षभर गच्चीवर, उघड्यावर ठेवायच्या आणि किती वीज शिल्लक राहते ते बघायचं. टिकल्या तर एक कारखाना त्या बनवायला तयार होता.

या कामाचे प्रमुख होते त्यांना मी 'छत्रीवाले' म्हणते. पावसात सगळेच छत्री घेतात. हे गृहस्थ गच्चीवर उन्हात छत्री घेऊन येत. येत म्हणजे दोनदा आले. एकदा काचा बसवताना फोटोसाठी, आणि एकदा फोटो नीट आला नव्हता म्हणून. बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकणं, फोनवरून.

पहिल्याच आठवड्यात ढग आले. छत्रीवाल्यांनी निरोप पाठवला की काचा खाली आणा, अजून सुरुवात आहे, उगाच धोका नको. भावाने चौकटीवरून बाराही काचा सोडवल्या, कडेला धरून एकेक खाली नेली आणि कोरड्या हवेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर परत बसवल्या. मग हीच रीत पडली. पाऊस आला की आत. धूळ उडाली की आत. ऊन फार तापलं की वर पांढरं कापड. सुट्टीचा दिवस असला की आदल्या दिवशीच आत, कारण सुट्टीच्या दिवशी ढग आले तर कोण बघणार? छत्रीवाल्यांकडे एक मुलगी डॉक्टरेट करत होती. आमच्या घरी तिचा फोन येई, "काका, ढग दिसतायत." की हा ताटावरून उठे, सायकल काढे आणि चार किलोमीटर मारत काचा झाकायला जाई. संस्थेतले लोक त्याला 'आया' म्हणू लागले. तेही तो हसून घेई.

मी नाही घेतलं. मी म्हटलं, ही बाहेरची चाचणी ना? मग बाहेरचं आलं की तुम्ही त्यांना आत का नेता? माझ्या वर्गात मी मुलाला पेपर द्यायचा, अवघड प्रश्न आला की पेपर काढून घ्यायचा, सोपा प्रश्न आला की परत द्यायचा, आणि वर्षाअखेर म्हणायचं, पोरगं हुशार आहे. शाळेने मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. त्यावर तो म्हणाला की त्याने हे साहेबांना सांगून पाहिलं होतं, तीनदा. साहेब म्हणाले, नमुने मोलाचे आहेत, बिघडले तर वर्ष फुकट जाईल. वर्ष फुकट जाणार म्हणजे नेमकं काय होणार होतं, तर खरं काय ते कळणार होतं. एवढी शिकलेली माणसं आणि त्यांना सगळ्यात मोठी भीती कसली, तर उत्तराची.

शिवाय या काचांची एक खोडी आहे. संध्याकाळपर्यंत त्या दमतात, वीज थोडी उतरते. रात्रभर अंधार मिळाला की त्या सावरतात आणि सकाळी पुन्हा टवटवीत होतात. कोरड्या कपाटात दोन-तीन दिवस झोप काढली तर विचारूच नका. म्हणजे तळहाताच्या फोडासारखं जपायचं, वरून विश्रांती द्यायची, आणि मग आकडा घ्यायचा. काचा आत असताना यंत्रात शून्यं पडत. ती शून्यं डॉक्टरेटवाली गाळून टाकी, बिघडलेल्या नोंदी म्हणून. भावाच्या वहीत मात्र दोन रकाने होते, 'बाहेर' आणि 'आत', आणि रोजची खूण.

वर्ष भरलं. छत्रीवाल्यांचा निबंध छापून आला. बारा महिने उघड्यावर राहूनही काचांची नव्वद टक्क्यांहून जास्त ताकद शाबूत, असं त्यात लिहिलं होतं. संस्थेत पेढ्यांऐवजी भाषणं वाटली गेली. महिन्याभराने बाहेरची समिती काचा बघायला येणार होती, तिने मान हलवली की कारखान्याचं काम सुरू. त्या रात्री मी भावाची वही मागून घेतली आणि सवयीने बेरीज केली. तीनशे पासष्टांपैकी काचा पूर्ण दिवस बाहेर होत्या ते दिवस एकशे एक्केचाळीस. उरलेले दोनशे चोवीस दिवस त्या थोडा वेळ किंवा सबंध दिवस आत होत्या, नाहीतर कापडाखाली. मी वही त्याच्यासमोर ठेवली. तो म्हणाला, "मला माहीत आहे, ताई." आणि वही पिशवीत घातली. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी फक्त भाजी आणि दूध एवढंच बोलले.

त्यानंतर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. घरात दुसरं कोणी नाही. दर दोन तासांनी थेंब घालायचे, म्हणून भावाने तीन दिवसांची रजा मागितली. रजेच्या अर्जासोबत त्याने एक पान जोडलं. काचा कशा सोडवायच्या, कुठे धरायच्या, कपाटाची चावी कुठल्या खिळ्यावर असते, सगळं क्रमवार. छत्रीवाल्यांनी सही केली आणि म्हणाले, बारा काचा तर आहेत, बघू आम्ही. डॉक्टरेटवाली तेव्हा परदेशी गेली होती, याच काचा वर्षभर उन्हापावसात कशा टिकल्या ते सांगायला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आला. त्या दिवसांत यायला नको होता, पण आला आणि राहिला. माझ्या एका डोळ्यावर पट्टी होती, पण कान शाबूत होते. भाऊ खुर्चीवरून उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला, परत उठला. संस्थेत फोन लावला. कोणीतरी सांगितलं, हो हो, बघतो. दुपारी पुन्हा लावला. पुन्हा, हो हो. संध्याकाळी त्याने सायकलची किल्ली हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "तासाभरात येतो," म्हणाला. मी म्हटलं, "बस खाली." त्याला वाटलं मी थेंबांसाठी म्हणते आहे. थेंब मी शेजारणीकडून घालून घेतले असते. मला त्या काचा भिजायला हव्या होत्या. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. तो बसला.

संस्थेत त्या दिवसांत काय झालं हे मागाहून कळलं. तीन मजल्यांवर साठ-सत्तर माणसं खिडकीतून पाऊस बघत होती. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी गेलं असेल. गच्चीची चावी छत्रीवाल्यांच्या दाराबाहेरच्या खिळ्यावर लटकत होती. ती तीन दिवस तशीच लटकत राहिली. वर जायला जिन्याच्या एकवीस पायऱ्या होत्या.

भाऊ कामावर परतला तेव्हा बारापैकी नऊ काचा कडेकडेने पिवळ्या पडल्या होत्या. कडांच्या चिकटद्रव्यातून ओल शिरली होती आणि तपकिरी थर सुटत चालला होता. त्यांतल्या तीन काचांमध्ये वीज म्हणावी अशी उरलीच नव्हती. त्या दिवशी तो घरी आला आणि जेवला नाही. मला वाईट वाटलं, काचांसाठी नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघून. वर्षभर ज्यांना कडेला धरून उचललं त्या त्याच्याशिवाय गेल्या होत्या, आणि त्याला मी बसवून ठेवलं होतं.

समिती यायला आठ दिवस होते. छत्रीवाल्यांनी त्याला खोलीत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली, एकोणीस वर्षांत प्रथमच. खुर्ची मिळाली तेव्हाच याने ओळखायला हवं होतं. ते गोड बोलले. म्हणाले, काचा चांगल्याच होत्या, वर्षभर टिकल्याच होत्या. हा अपघात झाला. पण अपघात कुणाच्या तरी हातून व्हावा लागतो. "तुम्ही फक्त लिहून द्या की चूक तुमची," ते म्हणाले. "नमुने आत न आणता रजेवर गेलात, एवढंच. ताकीद मिळेल आणि विषय संपेल. नाहीतर पुढच्या वर्षीच्या पत्राचं मला काही सांगता येत नाही." याने रजेच्या अर्जाचं नाव काढलं. ते पान कुठे सापडत नाही, असं उत्तर मिळालं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. इथे तर चोर फासाची गाठ बांधून वर विचारत होता की बाबा रे, घट्ट तर होत नाही ना. मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, लिहून दिलंस तर एकोणीस वर्षं पुसली जातील, आणि उद्या त्या काचा लोकांच्या छपरांवर चढतील, तिथे पाऊस आला की कोणती आया येणार आहे? नाही लिहिलंस तर पत्र येणार नाही. हे मला कळत होतं, म्हणून मी अजूनच ओरडत होते. त्याचं वय छप्पन्न. या वयात गच्चीवरच्या माणसाला दुसरी गच्ची कोण देतं? मग मी तेही सांगून टाकलं की त्या संध्याकाळी मी त्याला मुद्दाम बसवलं होतं. तो रागावेल असं वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई, मलाही बसायचंच होतं."

तीन दिवस तो रोजच्यासारखा गच्चीवर जाऊन आला. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने एक कागद लिहिला आणि माझ्यापुढे ठेवला. पट्टी निघाली होती, पण अक्षरं अजून पोहत होती, म्हणून मी भिंग घेतलं. लिहिलं होतं:

"चूक माझी आहे. या बारा काचा तीन दिवस पावसात राहिल्या, ती चूक नव्हे. पावसात ठेवायलाच त्या गच्चीवर बसवल्या होत्या. चूक त्याच्या आधीची आहे. वर्षभरात ढग आले, वारा सुटला, ऊन वाढलं की मी त्यांना आत आणलं किंवा झाकलं. असे दिवस दोनशे चोवीस. रोजची नोंद असलेली वही सोबत जोडली आहे. मला तसं सांगण्यात आलं होतं हे खरं, पण हात माझे होते. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे."

चौतीस वर्षं मी लोकांचे कागद लाल करत आले. यात मला एक स्वल्पविरामसुद्धा घालावासा वाटला नाही. मी फक्त विचारलं की हे तू त्यांच्याच हातात देणार? ते फाडून टाकतील. तो म्हणाला, रीतसर त्यांच्याकडूनच जायला हवं.

आणि इथे त्या विद्वत्तेने आपला खरा रंग दाखवला. छत्रीवाल्यांकडे दिवसाला पन्नास कागद येतात आणि ते प्रत्येकाचं पहिलं वाक्य वाचतात. निबंध असो, अर्ज असो, विद्यार्थ्याचं वर्षभराचं काम असो, पहिल्या वाक्यावरून त्यांना सगळं कळतं, आणि याचा त्यांना अभिमान आहे. त्यांनी भावाच्या कागदाचं पहिलं वाक्य वाचलं. चूक माझी आहे. त्यांना हवं ते मिळालं. त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला, कागदाच्या तळाशी 'सहमत, समितीकडे सादर' असं लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला आणि वहीसकट तो समितीच्या फाइलमध्ये लावून दिला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. समितीने सगळा कागद वाचला. छत्रीवाल्यांनी आधी कानावर हात ठेवले, मग आवाज चढवला, पण 'सहमत' हा शब्द त्यांच्याच अक्षरात होता. निबंध मागे घ्यावा लागला. कारखान्याचं काम थांबलं. छत्रीवाले आता दुसऱ्या एका विभागाचे प्रमुख आहेत, कारण अशी माणसं पडतात तीही गादीवरच. भावाला लेखी ताकीद मिळाली, नमुने चुकीच्या पद्धतीने हाताळल्याबद्दल, आणि ती त्याने वाजवी मानली. पुढच्या वर्षाचं पत्र दोन महिने उशिरा आलं. 'तात्पुरते' हा शब्द जागेवर होता. ते दोन महिने मी कसे काढले हे मी कुणाला सांगणार नाही.

पण मला सांगायचं आहे ते गच्चीवरचं. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. त्या एकवीस पायऱ्या चढून वर आल्या, छत्री न घेता, आणि त्यांच्यामागून नाइलाजाने बाकी सगळे विद्वान आले. पिवळ्या पडलेल्या काचा चौकटीवर तशाच होत्या. बाईंनी एकेक वाकून पाहिली, काचेला बोटही न लावता. मग त्यांनी मागे वळून विचारलं की या काचा बाहेर नेमक्या किती दिवस टिकतात. छत्रीवाले घसा साफ करू लागले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही, यांना विचारते आहे."

भावाने आधी आभाळाकडे बघितलं, ती त्याची खोडच आहे. मग म्हणाला, "सांगता येणार नाही, बाई. अजून कोणी बाहेर ठेवून बघितलेलंच नाही."